चुलीत भाजलेली तांब्याची रिंग

"माझ्या चुलीत आता कंपनी शिजवायची काय वो?" सुमन म्हणाली.

"फुंक गो गप."

मी सांडशीत रिंग धरलेली, बायको फुंकणी फुंकतेय. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

मी रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत फिटर. शिक्षण बेताचं. तिथं जबर दाबाचं एक भांडं आहे. त्याच्या झाकणाखाली तांब्याची रिंग घालतात. बोल्ट आवळले की तांबं दबतं, फटी बुजतात, गॅस कोंडून राहतो. पण एकदा दबलेलं तांबं कडक होतं. तीच रिंग परत घातली तर गळते. नवी आली नव्हती. भांडं बंद, साहेब तापलेले.

कडक का होतं ते इंजिनिअर मॅडमनी सांगितलं. तांब्याचे अणू ओळीनं बसलेले. ओळींत कुठं कुठं चूक असते. दाब आला की ती चूक पुढं सरकते, म्हणून तांबं वाकतं. दाब फार झाला की चुका वाढतात, एकमेकींत अडकतात. गणपतीच्या आधी पेणच्या गल्लीत मूर्ती नेणारे अडकतात ना, तसं. मग कोणी हलत नाही. भाजलं की अणू पुन्हा नीट ओळीत बसतात, तांबं मऊ होतं.

"मग भाजू या," मी म्हणालो.

"आत काडी ओढायला बंदी आहे," साहेब म्हणाले.

"घरी चूल हाय."

रिंग सगळीकडून सारखी लाल व्हावी लागते. सुमननं फुंकर कुठं कमी पडू दिली नाय. पाण्यात टाकली, चर्र झालं. तिनं बोटांनी वाकवून बघितली.

"शिजली," म्हणाली.

त्याच रात्री तिच्या छातीत कळ आली. रोह्याला दवाखान्यात पोचायच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आलो.

त्यानंतरच्या सकाळी मी रिंग पिशवीत घातली. भाऊ दारात आडवा.

"सुतकात कुठं चाललास?"

"रिंग बसवायला."

"दुसरा कोणीतरी बसवील."

"भाजली आम्ही. बसवणार मीच."

झाकण बसवलं, बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले. पंपानं पाण्याचा दाब चढवला. काटा चढला नि तिथंच उभा राहिला. थेंब नाय गळला.

"इतकी एकसारखी भाजलीत कशी?" मॅडमनी विचारलं.

"फुंकणी सुमनची होती."

दबलेलं तांबं तसंच परत वापरू नका. आधी भाजा. आणि फुंकायला दमाचं माणूस बघा.