खैरनार डॉक्टरांचा करंट

खैरनार डॉक्टर टोचायची सुई आधी दातांत धरायचे. दोन्ही हात मोकळे ठेवून रोग्याची पाठ चाचपायचे, अंगठा रुतवून विचारायचे, "दुखस का?" रोगी कळवळला की दातांतली सुई काढून स्पिरिटच्या बोळ्यावरून ओझरती फिरवायची आणि तिथेच खुपसायची. पहिल्या दिवशी ते पाहून पळून जावंसं वाटलं. पण पाठ अशी धरली होती की उठून पळताही येईना.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. नाशिक रोडला एका छापखान्यात मी कागदाचे गठ्ठे उचलायचो. गोळ्या, शेक, पट्टा, सगळं करून थकलो तेव्हा कुणीतरी खैरनारांकडे पाठवलं. ते मूळ नामपूरचे, 'आहे'ला तिकडच्यासारखं 'शे' म्हणायचे. होमिओपॅथी शिकलेले, पुढे मुंबईत सुयांचे उपचार शिकून आलेले. येताना सेलवर चालणारी एक पेटी घेऊन आले होते. टोचलेल्या सुयांना चिमट्यांनी लाल तारा लावायच्या आणि बटण हळूहळू फिरवायचं. सुईभोवतालचं मांस आपोआप उडू लागायचं. मुंग्या यायच्या, पण दुखायचं नाही.

"हातानं सुई फिरवत बसलो तर माझीच बोटं आखडतील," ते म्हणायचे. "हा करंट माझं काम करतो. आणि भाऊ, त्याला जात कळत नाही. सगळ्यांना सारखाच झिणझिणतो."

आमच्या बौद्ध वस्तीत येऊन, आमच्याच कपबशीतून फुर्र आवाज करत चहा पिताना ते असं बोलायचे. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. मला तो माणूस आवडायला लागला. महिनाभरात मी खाली वाकून बूट घालू लागलो. माझ्या सासूबाईंचा गुडघा हलका झाला. आमच्या फोरमनचा आखडलेला खांदा वर जाऊ लागला. हात जोडणाऱ्यांना तेव्हा ते बजावायचे, "दुखणं कमी करतो मी. झिजलेलं हाड नवं करत नाही. देव बनवू नका मला."

पण लोकांनी बनवलंच, आणि त्यांनाही ते गोड लागलं. दवाखान्यात हार येऊ लागले. ते हार खिळ्यांवर टांगलेले राहत, कुजत, त्यांतून पाणी गळे. त्या वासात पडून राहणं नको वाटायचं. "काढून टाका ना," मी एकदा म्हणालो. "लोकांचं प्रेम शे ते," ते म्हणाले. बाहेरच्या पाटीवर आधी कंबर आणि गुडघेदुखी एवढंच होतं. पुढे लकवा आला, दमा आला, शेवटी बहिरेपणाही आला.

आमच्या शेजारच्या सुमनवहिनींची रेखा जन्मापासून बहिरी होती. सहा वर्षांची, गालावर खळी पडणारी, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघणारी. डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं, "पोरगी बोलेल. पैसा नको मला." एका रविवारी मोफत शिबिराचा मांडव उभा राहिला. बरा झालेला रोगी म्हणून मलाही बोलावलं होतं. मी सगळ्यांसमोर वाकून दाखवलं, टाळ्या झाल्या. मग रेखाला टेबलावर बसवलं.

कानामागे, कानापुढे, हातांवर सुया टोचल्या. वहिनींनी तिचे खांदे धरले. डॉक्टर बटण फिरवू लागले. रेखाचा गाल उडायला लागला. ती आधी गोंधळली, मग डोळे विस्फारून आईकडे बघू लागली. बटण आणखी फिरलं. तिच्या घशातून एक घोगरी, फाटकी किंकाळी निघाली आणि टेबलावरून खाली धार लागली. पोरगी भिजली होती.

डॉक्टर गर्दीकडे वळले. चेहरा उजळलेला. "ऐकला ना आवाज? मुकी म्हणत होते हिला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी पुढे झालो, पेटीचं बटण बंद केलं आणि पोरीच्या सुयांना लावलेले चिमटे सोडवले.

"भाऊ, हे काय करता?" डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बघताहेत."

"तेच तर," मी म्हणालो. "तुम्ही लोकांकडेच बघताय. तिच्याकडे बघा."

त्यांनी बघितलं नाही. खिशातून रुमाल काढला तो स्वतःचा घाम पुसायला.

वहिनी माझ्यावरच धावून आल्या. "भाऊजी, तुमची पाठ झाली बरी. माझ्या पोरीचं होऊ लागलं तर तुमच्या पोटात दुखलं?" त्या रेखाला पुढेही नेत राहिल्या. कपडे वाळत घालायची लाल वायर बघितली तरी रेखा दाराची चौकट गच्च धरू लागली, तेव्हा कुठे त्या थांबल्या. एका सकाळी माझ्या दाराशी आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "भाऊजी, बहिऱ्या मुलांची शाळा कुठं आहे? याल बरोबर?" आम्ही गेलो. पोरगी तिथे हातांनी बोलायला शिकली, आणि इतकं बोलायला लागली की वहिनींना आवरेना.

मी दवाखान्याची पायरी पुन्हा चढलो नाही. काही वर्षांनी खैरनार भेटले ते बसस्टँडवर. सगळं आवरून नामपूरला चालले होते. केस पिकलेले, पायाशी ट्रंक. रेखाचं नाव त्यांनी काढलं नाही. जणू मधे काही घडलंच नव्हतं, अशा मायेने माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "पाठ कशी शे, भाऊ?"

तो हात मला झटकून टाकायचा होता. दुखते, असं तोंडावर फेकायचं होतं.

"बरी आहे," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि त्याचीच मला किळस आली.