आदेशाप्रमाणे शनिवार

आमच्या आतेभावाइतका कोर्टाला घाबरणारा माणूस अख्ख्या डोंबिवलीत सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे कोर्टाचा आदेश त्याच्याच बाजूने होता. घटस्फोटानंतर दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दहा ते पाच त्याने लेकीला, सईला, भेटायचं. खोपटच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीपाशी तिला घ्यायचं आणि तिथेच आईकडे सोडायचं, असं ठरलं होतं. सुरुवातीला वहिनी (मी अजून वहिनीच म्हणतो, दुसरं काय म्हणावं ते कळत नाही) सईला आणतच नव्हत्या. मग याने अंमलबजावणीचा अर्ज केला, तारखांना खेटे घातले, न्यायाधीशांनी वहिनींना समज दिली आणि पोर येऊ लागली. तेव्हापासून हा गडी आदेशाला जो चिकटला तो चिकटलाच. म्हणायचा, "मीच एकदा मोडला, तर उद्या तिला पाठवा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

पाच वाजत आले म्हणून त्याने सईला एकदा ऐन शेवटाला सिनेमातून उठवलं. खुनी कोण ते दोघांनाही कळलं नाही. एकदा तिला ताप होता. वहिनींनी आपण होऊन घरी बोलावलं, तर हा डेपोतून फोन करतो, "अगं, पण आदेशात घर नाहीये!"

"अहो, कोण पकडायला येणार आहे तुम्हाला?" त्या वैतागल्या.

याने मला विचारलं, मी वकिलांना विचारलं, वकील म्हणाले लेखी संमती घ्या. या घोळात संध्याकाळ झाली आणि हा मोसंब्यांची पिशवी घेऊन डोंबिवलीला परत आला. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि वाईटही वाटलं होतं.

परवा सई अठराची झाली आणि आदेश संपला. "आता ती आली नाही, तर अर्ज कुठे करायचा रे?" त्याने विचारलं.

शनिवारी तो मला घेऊन खोपटला गेलाच. दहा वाजून गेले, अकराही वाजले. "चल, निघू या," असं तो सारखं म्हणत होता, पण जागचा हलत नव्हता. तेवढ्यात गाड्यांमधून वाट काढत सई आली.

"लेक्चर होतं हो बाबा."

"असू दे गं. पाचला सोडतो..." तो सवयीने बोलून गेला.

"पाच कसले? तो सिनेमा आता मोबाइलवर आलाय. तुमच्या घरी बसून शेवटपर्यंत बघायचाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. परवानगी कोणाची घ्यायची, ते त्याला कळत नव्हतं.