घड्याळवाल्या चाचांचा थेंब

"अजून नाय झाला, मास्तर. स्क्रू घसरतोय." मी दुकानाची पायरी चढायच्या आतच घड्याळवाले चाचा हात हलवून सांगायचे.

तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल. काम चोख, पण वेळेवर देईल तर शपथ. आमच्या शाळेचा सूक्ष्मदर्शक मी कर्जतच्या बाजारात त्यांच्याकडे दुरुस्तीला टाकला होता. आठवडाभर घसा फोडून शिकवायचं आणि शनिवारी पाय ओढत तिथे हेलपाटा घालायचा. वाटेने मी त्यांना मनातल्या मनात शिव्याही घालायचो.

एकदा मी अवेळी गेलो. यंत्र ठणठणीत उभं होतं आणि चाचा त्यात डोळा घालून बसले होते. पकडले गेल्यावर ओशाळं हसले. "या, बगा तरी."

काचेवर दहिवलीच्या खाचरातलं, पेंढा कुजलेलं पाणी होतं. त्यात चपलेच्या तळव्याच्या आकाराचा एक इवलासा जीव पोहत होता. चाचांनी थेंबाच्या कडेला मिठाचा कण टेकवला. तो जीव तिथवर गेला, थबकला, मागे सरला आणि जरा वळून निघाला. पुन्हा मीठ लागलं, पुन्हा मागे.

"डोळा नाय, डोस्कं नाय, तरी वाट काढतोय," चाचा म्हणाले. "मी पार दमलो, मास्तर. उजवा डोळा गेलाच. डावा वर्सभर टिकंल म्हनतो डाक्टर. तवर बगून घेतो. म्हैनाभर राऊ दे की."

मी नाही म्हणालो. हेडमास्तरांचा तगादा होता, आणि खरं सांगायचं तर मलाच हेलपाटे नको झाले होते. यंत्र उचलून आणलं. शाळेत ते कपाटात कुलूपबंद पडलं. साहेब तपासणीला आले तेवढंच बाहेर निघालं. त्याची मला अजून लाज वाटते.

वर्षभराने चाचांनी दुकान बंद केल्याचं कळलं. मी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. खाचरातलं पाणीही नेलं होतं. खिडकीत सगळं मांडून दिलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला.

"नुसता उजेड दिसतो," ते म्हणाले. "तुमीच बगा. मला सांगा."

मी सांगू लागलो. गेला, अडला, मागे आला, वळला. चाचा मान डोलवत होते, मध्येच "आता?" म्हणून विचारत होते. खिडकीतल्या उन्हाने थेंब केव्हाच सुकला होता. काचेवर काहीही हलत नव्हतं.

"आता डावीकडे निघालाय, चाचा," मी म्हणालो.