सिंधचा म्हणवलेला आमचा चिखल्या

त्या पक्ष्याचं लॅटिन नाव मी आजही तोंडाने घेत नाही. त्याचा अर्थ होतो 'सिंधमधला', आणि तो सिंधमधला नाही. तो धरमतरच्या खाडीकाठचा, आमच्या मिठागरातला, माझ्या बापाने धरलेला पक्षी आहे. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. ऐकणारे मान हलवतात आणि चहा मागवतात.

मी मुंबईच्या एका संग्रहालयात कारकून होतो. पक्ष्यांच्या कातड्यांची नोंद ठेवणं हे माझं काम. पक्षी सोलायचा, कीड लागू नये म्हणून कातडीला आतून सोमलाचा विषारी साबण लावायचा, कापूस भरून पोट शिवायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची. पक्षी कुठे, कधी, कुणी धरला ते त्या चिठ्ठीवर. चिठ्ठी नसेल तर तो पक्षी म्हणजे नुसती पिसं, असं मला साहेबलोकांनीच बजावलं होतं.

सुट्टीत घरी गेलो की हे सगळं मी बाला करून दाखवायचो. बा मिठागरावर राबायचा. मिठाने त्याची बोटं फाटलेली असत, पण पक्ष्याची कातडी त्याच्या हातून कधी फाटली नाही. उन्हाळाभर आमच्या बांधांवर चिखल्या तुरुतुरु धावतो. मातकट पाठ, पांढरं पोट, चिमणीहून जरासा मोठा. बाने फासे लावून तसे तीन धरले. पोटं शिवायला घरात जाळी विणायचा सणाचा, म्हणजे तागासारखा जाड तपकिरी दोरा होता, तोच घेतला आणि शेवटी जाळ्याची गाठ मारली. चिठ्ठ्या त्याने स्वतः मोडीत लिहिल्या, कारण त्याला तेवढंच लिहिता यायचं. एका चिठ्ठीवर होतं: 'मादी. आपल्या आगराचा मधला बांध. चैत्र. पोटात अंडं.'

ती चिठ्ठी वाचून मी खूश झालो होतो. पोटात अंडं म्हणजे हा पाहुणा नव्हे, इथेच घर करणारा. एकोणीसशे विसाच्या दशकातल्या कुठल्याच पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं.

त्याच सुमारास एक लष्करी साहेब सिंधहून पेटीभर पक्षी घेऊन आला. मी गावाहून संग्रहालयात आणलेले बाचे तिन्ही चिखल्या, त्याने पेटी उघडली त्याच टेबलावर होते. साहेबाने सगळे उलटेपालटे करून पाहिले आणि आनंदाने एकदम उसळला. ही जात वेगळी आहे म्हणाला, हिला नाव द्यायला हवं. मग बाची चिठ्ठी दोन बोटांत धरून विचारलं, "ही मुंग्यांची रांग कसली?"

मी म्हणालो, "साहेब, मोडी आहे. हे तीन आमच्या आगरातले."

"तुमचं आगर कुठल्या नकाशात आहे?"

तो म्हणाला, जुन्या चिठ्ठ्या कापून टाक, सगळ्यांना सारख्या नव्या बांध आणि सिंध लिही. कात्री माझ्याच टेबलावर होती. माझं अक्षर सुंदर होतं, त्याबद्दल साहेबाने मला शाबासकी दिली. ती शाबासकी आठवली की आजही माझ्या कानशिलात जाळ होतो.

एक पक्षी त्याने विलायतेला नेला. त्याच्यावरून वर्णन छापलं, नाव दिलं, आणि तोच त्या जातीचा मूळ नमुना ठरला. पुढे कुणालाही शंका आली तर त्याच एका कातडीकडे बघायचं, असा नियम आहे. छापलेल्या मजकुरात लिहिलं होतं की हा पक्षी सिंधमध्ये घरटं करतो, दक्षिणेकडे चुकूनमाकून हिवाळ्यात येतो. चुकूनमाकून! चैत्रात, पोटात अंडं घेऊन!

गावात मात्र बा सांगत सुटला होता की माझी चिठ्ठी विलायतेला गेली. मी ते कधी खोडून काढलं नाही.

पुढे तिसाच्या दशकात नवे अधिकारी आले. त्यांनी मला मूळ नमुन्यांच्या नोंदी लावायला सांगितलं. कपाट उघडलं तर खणात बाचे दोनच चिखल्या, पायाला माझ्या सुंदर अक्षरातला 'सिंध', आणि पोटावर सणाचा दोरा, जाळ्याची गाठ. सिंधच्या पेटीतले बाकी सगळे पांढऱ्या रिळाच्या दोऱ्याने शिवलेले. मग तिसरा कुठे गेला? विलायतेला गेलेला तोच असणार. अधिकाऱ्यांच्या सहीने विलायतेला पत्र घातलं: कृपा करून मूळ नमुन्याचं पोट कशाने शिवलंय ते कळवा.

चार महिन्यांनी उत्तर आलं. जाड, तपकिरी दोरा. शेवटी कोळ्यांच्या जाळ्यात असते तशी गाठ. पुढे अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं की दोरा हा पुरावा होऊ शकत नाही. नाव एकदा दिलं ते बदलत नाही. पण मूळ चिठ्ठी उपलब्ध असल्यास पाठवावी, म्हणजे निदान ठिकाणाची दुरुस्ती छापता येईल.

मूळ चिठ्ठी! ती आता कुठून आणायची? तिचा शब्दन् शब्द मला पाठ होता. पण कारकुनाच्या आठवणीला कोण विचारतो? मी रागाने ते पत्र चुरगाळलं, पुन्हा सरळ केलं, आणि शनिवारी रेवसची बोट धरून घरी गेलो.

बा पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. साहेबाला शिव्या घातल्या, विलायतेला घातल्या, त्या नावाला घातल्या. त्याने ऐकून घेतलं.

"चिठ्ठी कापली कुनी?" त्याने विचारलं.

"मी."

"मंग त्या जागी तू काय लिवलंस?"

"सिंध."

बाने सणाचा दोरा हळूहळू गुंडाळला आणि खुंटीला अडकवला.

"सायबाला मोडी येत न्हाय," तो म्हणाला. "तुला तर वाचता येत व्हतं."