अकरा मुलांची टक्केवारी

शाळांची तुलना करणारा तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं होतं. पहिल्या ओळीत राजापूरच्या रस्त्यावरची मोठी शाळा, सहावी ते आठवीचा पट तीनशे. शेवटच्या ओळीत आमची, पट अकरा. तिथं विषयाला एक शिक्षक. इथं तिन्ही वर्गांना सगळे विषय शिकवणारी मी एकटी, आणि खालच्या वर्गांना एक गुरुजी.

"बाई, हसू नका," केंद्रप्रमुख म्हणाले. माणूस भला होता, आमच्या बाजूचा होता. "कमी पटाचे वर्ग मोठ्या शाळेत हलवायचं घाटतंय. या चाचणीत तुमची टक्केवारी त्यांच्याहून वर आली, तर मला वरच्यांपुढं बोलायला तोंड राहील."

माझं हसू तिथंच थांबलं. त्या मोठ्या शाळेबद्दल माझ्या मनात जुनी अढी होती. आमची चुणचुणीत मुलं पाचवीनंतर तिकडं जायची आणि मग त्यांच्या फलकावर त्यांची नावं झळकायची. घरी येऊन मी हिशेब मांडला. त्यांची तीन मुलं घसरली तर टक्का एकानं खाली येतो. माझं एक घसरलं तर नऊनं. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण ज्याच्या भांड्यात अकराच शितं आहेत त्यानं काय करावं?

त्या अकरांतलं एक शीत कच्चं होतं. सातवीतली मुलगी, बाप मुंबईला कामाला, आई काजूच्या बागेत मजुरीला. वाचताना बोट ओळीवरून हलायचं नाही आणि भागाकाराला बसली की पाटी पुसून पुसून पांढरी करायची. पण चार वर्षांत तिनं एकही दिवस शाळा बुडवली नव्हती. आमच्याकडं शिपाई नाही, म्हणून कामं मुलांत वाटलेली असतात. पाणी भरणं, झाडलोट, फळ्यावर तारीख लिहिणं, सगळं पाळीपाळीनं. घंटा मात्र कायम तिची. दाराशी फणसाला रुळाचा तुकडा टांगलाय, त्यावर ती असे टोले द्यायची की पऱ्याच्या पाण्यापलीकडली पोरंसुद्धा पळत सुटायची. घंटेपायी ती पाढ्यांच्या आधी घड्याळ शिकली.

चाचणीच्या दिवशी कच्च्या मुलाला घरी ठेवायचं, ही खोड शिक्षकांत जुनी आहे. कुणी तोंडानं कबूल करत नाही. बैठकीत अशांची मी यथेच्छ टर उडवलेली होती. "नाचता येईना अंगण वाकडं," असं एकाला तोंडावर म्हणालेसुद्धा होते.

आणि चाचणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना मी त्या मुलीला बाजूला घेतलं. म्हटलं, "उद्या नाही आलीस तरी चालेल हं. आईला बागेत मदत कर." तिनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि गेली. मी हे शाळेसाठी करते आहे, दहा मुलांसाठी करते आहे, असं मनाला बजावत राहिले. मन काही ऐकेना. रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

सकाळी केंद्रप्रमुख आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या केंद्राच्या एक बाई आल्या. दहा मुलं बाकांवर बसली. मी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा सोडत होते. भिंतीवर साडेदहा झाले आणि बाहेर घंटा झाली. नेहमीसारखी, खणखणीत.

मी बाहेर धावले. हातोडी खुंटीला अडकवून ती पायऱ्या उतरत होती. पाठीला दप्तर नव्हतं.

"अगं, तू?"

"तुमी बोल्लात येव नको म्हनून," ती थांबून म्हणाली. "पन बाई, घंटा कोन देनार? म्हनून आले. चालले आता."

लाज वाटली, इतकी की तिच्याकडं बघवेना. बारा वर्षांच्या पोरीला आपलं काम कळत होतं आणि मला माझं कळत नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "चल आत."

"पन माजा टक्का..."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. टक्का हा शब्द आम्ही शाळेत महिनाभर इतका घोळवला होता, तिला कळल्याशिवाय राहील कसा? मी तिचा हात धरला, आत नेलं, माझं पेन दिलं आणि अकरावी प्रश्नपत्रिका तिच्यापुढं ठेवली. केंद्रप्रमुखांनी हजेरीत दहाचे अकरा केले.

तिला फारसं काही आलं नाही. घड्याळाचं उदाहरण तेवढं तिनं एका दमात सोडवलं होतं. निकाल लागला तेव्हा आम्ही मोठ्या शाळेच्या थोडे खाली होतो. ती घरी राहिली असती तर वर असतो. हे मी खूपदा मांडून पाहिलं आहे, आणि दर वेळी तिला आत नेल्याचंच बरं वाटलं आहे. पण जूनमध्ये वरचे वर्ग हलले, हेही तितकंच खरं.

पहिल्या दिवशी एसटीनं मुलांना घेऊन मीच गेले. शाळा चांगली होती, उगाच का नावं ठेवू? प्रयोगशाळा होती, भरपूर पुस्तकं होती, कच्च्या मुलांसाठी वेगळा तास होता. बाकीची मुलं बघता बघता मैदानात पांगली. ती मात्र आवारातल्या झाडांकडं बघत होती.

"बाई, हितं घंटा कोन देतो?"

"बटणावर वाजते गं."

तिनं पुन्हा झाडांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग मी नाय आले, तर कुनाला कळंल?"

बटणाची घंटा वाजली आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडले.

मी आता खालच्या वर्गांवर आहे. साडेदहाला घंटा मीच देते आणि लगेच तिच्या आईला फोन लावते. आई बागेत असते, तरी उचलते.

"गेली का?" मी विचारते.

"गेली," आई म्हणते. "नि जाताना म्हनली, बाईंना सांग."