आक्कांचा गळ

आमच्या राजारामपुरीतल्या बिल्डिंगच्या गच्चीवर रोज सकाळी ‘ठण्ण’ असा आवाज यायचा. टाकीशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या आक्का गळाची काठी फिरवायच्या आणि दोऱ्याला बांधलेलं शिसं समोरच्या कोपऱ्यातल्या लोखंडी बादलीत टाकायच्या. मूळच्या कागलच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. नवऱ्याच्या नोकरीपायी बारा वर्षं देवगडला काढली, आणि तिथल्या धक्क्यावर हा नाद लागला तो सुटलाच नाही.

मी खालच्या मजल्यावरचा, गणिताचे क्लास घेणारा. “मलाही शिकवा की,” एवढंच म्हणालो आणि फसलो! पहिल्याच फेकीला शिसं जाऊन कुणाच्या तरी वाळत घातलेल्या बनियनमध्ये अडकलं. “वढा की मास्तर! मोठा दिसतोय,” म्हणत आक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम मास्तरीण झाल्या. “टाकायच्या आदी मागं बघायचं. धक्क्यावर मानसं हुबी असत्यात. कुनाचा कान घावला तर काय रस्सा करनार हायसा?”

दोन महिन्यांनी खऱ्या समुद्रावर जायचं ठरलं. मला शिकवणं हे नुसतं निमित्त. आक्कांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता, बादली चुकायला लागली होती, आणि ‘आता हे पुरे’ म्हणून मुलाने काठी माळ्यावर टाकायचं ठरवलं होतं. “एकदा जाऊन बघती,” आक्का म्हणाल्या. “जमलं तर त्याला म्हनती, गप बस. न्हाय जमलं तर मीच देती टाकून.” एरवी कुणाच्या बापाला न भिणाऱ्या या बाईच्या आवाजात मला पहिल्यांदा भीती ऐकू आली.

गगनबावड्याच्या घाटात सूचनांची सरबत्ती सुरू झाली. मी गाडी चालवतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. “भरती चढताना बसायचं. पायात बूट पायजेत, दगडाला चिकटल्याली कालवं पाय कापत्यात. शिंगाळा मासा गळाला लागला तर हात लावायचा न्हाय, त्येचा काटा लई वाईट. आनि घरी आलं की काठी गोड्या पान्यानं धुवायची, न्हायतर मिठानं खाल्लीच म्हनून समजा.”

देवगडच्या धक्क्यावर मी मोठ्या ऐटीत डबा उघडला. लहानपणी पंचगंगेवर मासे धरलेला माणूस मी. कणीक मळून गोळ्या करून आणल्या होत्या. आक्कांनी आधी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. “समुद्रातल्या माशास्नी चपात्या वाढतासा व्हय, पावणं? हितं कोळंबी लागती!”

कोळंबी लावून त्यांनी दोरा सोडला आणि मासा टोचला की कळावं म्हणून त्यावर बोट टेकवून बसल्या. बऱ्याच वेळाने गळ वर घेतला, तर कोळंबी गायब. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्या हळूच म्हणाल्या, “मास्तर, मासा हलवतोय का माझाच हात हलतोय, कळंना झालंय.”

मी शेजारी बसलो आणि त्यांच्या दोऱ्यावर माझं बोट ठेवलं. “मी सांगतो, तुम्ही ओढा.”

“तुमी? बनियन धरनारं?”

पण काठी त्यांनी घट्ट धरली. दोरा जरासा हलला. “आता, आक्का!” मी ओरडलो. गळ रिकामा. “अवो, त्येला जरा चाखू तरी द्या की! खाली वढत न्हेला की मग वरडायचं.”

पुढच्या वेळी मी श्वास रोखून बसलो. टुक. टुक. आणि दोरा सरळ खाली निघाला. “आता, आक्का!” त्यांनी काठी उचलली, आणि वीतभर तांबोशी फडफडत धक्क्यावर आली. आक्का लहान पोरीसारख्या किंचाळल्या. आधी फोटो काढून मुलाला पाठवायला लावला, मग म्हणाल्या, “बारकी हाय. सोडा परत.” एवढा आटापिटा करून सोडा! मी मुकाट्याने सोडली.

त्यानंतर चार वर्षं आम्ही जात राहिलो. बोट माझं, हात त्यांचा. गेल्या माघात आक्का गेल्या. काठी मुलाने आपणहून मला आणून दिली.

आता एकटाच जातो. फार आठवण येते. दोरा खाली जातो, “आता, आक्का!” असं तोंडातून निघून जातं, आणि ओढायचं राहतं.