ती ओळ मीच गाळली

थांबा, हे आत्ताच टाइप करते. उद्या डोकं थंड झालं की मी परत शहाणी होईन आणि गप्प बसेन.

"मीटिंगला हिला घेऊन जाऊ. ही चाळवाली आहे, तिकडची भाषा येते हिला."

मी इंटर्न होते त्या ऑफिसात, सगळ्यांसमोर सर हे बोलले. लोक हसले. मीपण हसले. हो, मीपण.

मी लॉच्या चौथ्या वर्षाला. पहिल्या वर्षी भोईवाड्यातल्या चाळींत फुकट कायदेशीर सल्ला द्यायला पळायचे. मग कॉलेजातली एक सीनियर म्हणाली, "सीव्हीतून ते काढ गं, एनजीओ टाइप वाटतं." काढलं. वर्गात प्रत्येकाने काहीतरी काढलंच होतं. जबरदस्ती कोणीच केली नाही. फक्त मोठ्या फर्मची इंटर्नशिप मिळाली की टाळ्या वाजायच्या. मलापण टाळ्या हव्या होत्या.

वाजल्या. परळच्या काचेच्या ऑफिसात इंटर्न. क्लायंट बिल्डर. काम काय, तर रिडेव्हलपमेंटच्या इंग्रजी कराराचा मराठी सारांश. सरांनी एका ओळीवर रेघ मारली. "शॉर्ट ठेव." नवीन घर इथेच मिळेल असं नाही, बिल्डर दुसरीकडेही देऊ शकतो. ती ओळ.

माझी मावशी राहते तीच ही चाळ. माहीत होतं मला. तरी गाळली.

रविवारी चाळीच्या अंगणात मीटिंग. मी टेबलाच्या पलीकडे, सरांच्या बाजूला. मावशीने मला चहा दिला तो कपबशीत. पाहुण्यांच्या. शेजारणीला माझ्याबद्दल सांगत होती, "आमचा चेडू वकील झाला!"

माझ्या सारांशाचा कागद सहीसाठी मावशीसमोर आला. तिने वाचलाच नाही. माझ्याकडे बघितलं.

"तू वाचलंस मां? मगे झाला."

तिने पेनाचं टोपण काढलं.

"मावशी, सही नको करू. यात एक ओळ नाहीये. मी गाळलीय."

सर हळूच म्हणाले, "गाडीत जाऊन बस."

नाही गेले. उभ्या उभ्या ती ओळ मोठ्याने सांगितली. टाळ्याबिळ्या काही नाही. मावशीने टोपण परत लावलं. मग म्हणाली,

"गाळलंस कित्याक गो?"

तो 'का' घेऊनच घरी आले.

इंटर्नशिप गेली. प्लेसमेंटच्या यादीतून नाव मात्र मी स्वतः काढलं. येत्या रविवारी त्याच अंगणात खाली चटईवर बसून अख्खा करार मराठीत वाचणार. एकूण एक पान. आणि सुरुवातीलाच सांगणार, गाळणारी मीच होते. कोणी चहा देवो न देवो.

तुमचं झालंय का असं? काय काय काढलंत तुम्ही? खरं सांगा.